डावा, उजवा आणि त्यांची बेरीज-वजाबाकी: एमपी३ करताना स्टिरिओचं काय करायचं

माझ्या आत्याकडे एका कीर्तनाची कॅसेट होती. गावच्या देवळात, खांबाला टेकवून ठेवलेल्या टेपरेकॉर्डरवर घेतलेलं रेकॉर्डिंग. आतेभावाने ती एका दुकानात देऊन तिची एमपी३ करून आणली आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. निम्म्या लोकांनी लिहिलं, "वा, डोळ्यांत पाणी आलं." उरलेल्यांनी लिहिलं, "बुवांचा आवाजच नाही, नुसती खरखर आणि टाळ." दोन्ही बाजू खरंच बोलत होत्या. पहिले हेडफोन लावून ऐकत होते आणि दुसऱ्यांनी एकच स्पीकर असलेला फोन टेबलावर ठेवला होता.

असं का झालं ते पुढे येईलच. कॅसेटी, जुन्या सीडी, लग्नाचे व्हिडिओ, रियाजाचे ट्रॅक हे सगळं फायलींत उतरवायचं काम मी हौस म्हणून बरीच वर्षं करतोय, आणि मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "स्टिरिओ ठेवू की जॉइंट स्टिरिओ?" माझं ठाम मत आहे की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. आपल्या दोन चॅनेलमध्ये मुळात आहे काय, हे आधी पाहायचं. ते कळलं की बाकीची उत्तरं बहुतेक आपोआप मिळतात.

आधी थोडं गणित

सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, असतात, प्रत्येक १६ बिटचा, आणि चॅनेल दोन. गुणाकार केला की १,४११ केबीपीएस होतात, म्हणजे सेकंदाला इतके हजार बिट. यालाच बिटरेट म्हणतात. १२८ केबीपीएसची एमपी३ म्हणजे याच्या अकराव्या हिश्शात तेच गाणं बसवायचं. कानाला ऐकू न येणारं गाळणं हा त्यातला मोठा भाग, पण दुसरी बचत डाव्या-उजव्यातल्या सारखेपणातून होते. बहुतेक गाण्यांत गायक मधोमध असतो, म्हणजे त्याचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असतो. तो दोनदा कशाला लिहायचा?

समजा एका क्षणी डावीकडे १००० आहे आणि उजवीकडे ९८०. हे दोन मोठे आकडे लिहिण्याऐवजी त्यांची सरासरी ९९० आणि फरकाचं निम्मं १० असं लिहिलं. परत काढताना ९९० अधिक १० म्हणजे डावा, ९९० वजा १० म्हणजे उजवा. हरवलं काहीच नाही, पण दुसरा आकडा एकदम लहान झाला आणि लहान आकड्याला बिट कमी लागतात. पहिल्याला मिड म्हणतात, दुसऱ्याला साइड. मी घरात समजावताना बेरीज आणि वजाबाकी म्हणतो, पुढेही तेच म्हणेन.

ही कल्पना संगणकवाल्यांची नाही. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओचं पेटंट दाखल केलं, त्यातच बेरीज-वजाबाकी आहे. स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेत सुईची आडवी हालचाल म्हणजे बेरीज आणि उभी हालचाल म्हणजे वजाबाकी. म्हणूनच जुनी मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची, रेकॉर्ड स्टिरिओ पिकअपवर वाजवली की वजाबाकीत गाणं जवळपास नसतं, नुसती धूळ आणि चरे. एफएम रेडिओही हेच करतो. बेरीज सरळ पाठवतो आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर बसवून. खंडाळ्याच्या घाटात गाडीतला रेडिओ खसखसायला लागला की तो मोनोवर गेल्यावर एकदम शांत होतो ना, तेव्हा सेटने वजाबाकी टाकून दिलेली असते. कमकुवत सिग्नलमध्ये खरखर मुख्यतः तीच आणते.

एमपी३च्या आत

एमपी३च्या प्रत्येक चौकटीच्या, म्हणजे फ्रेमच्या, सुरुवातीला दोन बिट चॅनेलची पद्धत सांगतात. चार पर्याय आहेत: स्टिरिओ, जॉइंट स्टिरिओ, ड्युअल चॅनेल आणि मोनो. एक फ्रेम ११५२ नमुन्यांची, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांची. 'जॉइंट' लिहिलेलं असेल तर पुढचे दोन बिट त्या फ्रेममध्ये बेरीज-वजाबाकी चालू आहे का आणि इंटेन्सिटी स्टिरिओ चालू आहे का, हे सांगतात.

थोडक्यात, जॉइंट स्टिरिओ ही परवानगी आहे, सक्ती नाही. चांगला एन्कोडर, म्हणजे एमपी३ बनवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक फ्रेमला बघतो की इथे डावा-उजवा वेगळे लिहिणं स्वस्त की बेरीज-वजाबाकी. सतारीचा तुकडा डावीकडे एकटाच वाजला तर त्या फ्रेम साध्या स्टिरिओत, गायक परत आला की बेरीज-वजाबाकीत. सेकंदाला अडतीस वेळा तो हा निर्णय घेऊ शकतो. आपण 'फक्त स्टिरिओ' निवडतो तेव्हा त्याच्या हातातलं एक हत्यार काढून घेतो, इतकंच.

मग जॉइंटची बदनामी कशी झाली? इंटेन्सिटी स्टिरिओमुळे. यात वरच्या पट्टीतला आवाज दोन्ही चॅनेलचा एकच करून टाकतात आणि सोबत फक्त 'इतका डावीकडे, इतका उजवीकडे' एवढी चिठ्ठी ठेवतात. कान साधारण दीड-दोन किलोहर्ट्झच्या वर आवाजाची दिशा ओळखताना लाटेच्या बारीक मागेपुढेपणापेक्षा जोरातल्या फरकावर जास्त भर देतो, त्याचा हा फायदा. पण इथे माहिती खरोखरच जाते. सुरुवातीच्या काळात कमी बिटरेटच्या फायलींत झांजा आणि घुंगरू सपाट, एकाच ठिकाणी चिकटल्यासारखे ऐकू यायचे, आणि लोकांनी दोष दिला 'जॉइंट' या शब्दाला. आज एमपी३साठी बहुतेक सगळीकडे वापरला जाणारा लेम हा एन्कोडर इंटेन्सिटी स्टिरिओ करतच नाही. त्याचा जॉइंट म्हणजे निव्वळ बेरीज-वजाबाकी. तरी "जॉइंट नको रे बाबा" म्हणणारे भेटतातच. त्यांच्याशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

उलट सारखा आवाज वेगवेगळा लिहिण्यातही धोका असतो. एकटा गायक, मधोमध, साथीला काही नाही. डावा आणि उजवा स्वतंत्रपणे दाबले की दोन्हीकडची कॉम्प्रेशनची भुसभुस एकमेकींशी न जुळणारी असते. आवाज मध्ये आणि भुसभुस दोन्ही कानांकडे पसरलेली. जागा वेगळी झाल्यामुळे आवाज तिला झाकू शकत नाही. बेरजेत लिहिलं तर भुसभुसही आवाजाच्या मागेच, मधोमध बसते आणि झाकली जाते. एमपी३ घडवणाऱ्यांपैकी कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे सुझान वेगा या गायिकेचं वाद्यांशिवाय गायलेलं 'टॉम्स डायनर' पुन्हा पुन्हा चाचणीला घेत. एकटा माणसाचा आवाज लपायला जागा देत नाही, हे आपल्याकडच्या गायकांना वेगळं सांगायला नको.

आता कामाला लागू. मी ऑडॅसिटी हा आवाज संपादनाचा प्रोग्रॅम वापरतो. फुकट आहे आणि पुरेसं आहे.

पायरी १: दोन चॅनेलमध्ये काय आहे ते पाहा

फाइल उघडा. पडद्यावर डाव्या-उजव्याच्या दोन लाटा दिसतील. त्या सारख्या दिसतात म्हणून सारख्या असतात असं नाही, पण एक चॅनेल कोराच असेल तर इथेच कळतं. मग हेडफोनचा एकच कान लावून अर्धा मिनिट ऐका, मग दुसरा. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात आणि नंतर माझ्याकडे येतात.

मग आकडा काढा. ट्रॅकचा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा निवडून इफेक्टमधलं 'व्होकल रिडक्शन अँड आयसोलेशन' उघडा आणि क्रियेत 'अ‍ॅनलाइझ' निवडा. डावा-उजवा एकमेकांशी किती टक्के जुळतात ते तो सांगतो. शंभराच्या अगदी जवळ असेल तर तुमच्या हातात बहुधा मोनोच आहे, फक्त दोनदा लिहिलेलं.

सगळ्यात उपयोगी मात्र वजाबाकी स्वतः ऐकणं. ट्रॅकच्या नावावर क्लिक करून 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा. खालचा ट्रॅक निवडून इफेक्टमधून 'इन्व्हर्ट' लावा, म्हणजे लाट उलटी होईल. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवा. जे दोन्हीकडे सारखं होतं ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि उरते ती वजाबाकी. सिनेमातल्या गाण्यावर हे करून बघा. गायिका जवळपास गायब होते आणि मागे तिचा घुमारा, कडेची व्हायोलिनं आणि कोरस उरतो. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. घरगुती कराओकेची जुनी युक्ती हीच.

काय ऐकू आलं त्यावर पुढचं ठरतं. शांतता असेल, किंवा टेपची एकसारखी भुसभुस, तर मूळ आवाज मोनो आहे. बारीक, पोकळ, खालचा भाग नसलेलं तेच गाणं ऐकू येत असेल तर मूळ मोनो आहे पण कॅसेट डेकने गोंधळ केलाय. वेगळी वाद्यं, सभागृहाचा घुमारा ऐकू येत असेल तर खरा स्टिरिओ आहे. आणि वजाबाकीत सगळं जसंच्या तसं, उलट जास्तच भरदार ऐकू आलं तर आमच्या कीर्तनासारखी केस आहे.

पायरी २: दुरुस्ती, आणि तीही कॉम्प्रेस करण्याआधी

आमच्या कीर्तनाच्या वेळी दुकानात कुठेतरी एका चॅनेलच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. डाव्यात लाट वर जाते तेव्हा उजव्यात खाली. हेडफोनमध्ये दोन कान दोन वेगळे आवाज ऐकतात, त्यामुळे थोडं विचित्र, डोक्याबाहेरचं वाटतं पण ऐकू येतं. फोनचा एकच स्पीकर दोन्हींची बेरीज करतो आणि अधिक-उणे मिळून बुवा शून्य होतात. टाळ का उरले? त्याचं उत्तर कॅसेट प्लेअरच्या हेडमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागात, आहे आणि ते खालच्याच परिच्छेदात येतंय. उपाय अर्ध्या मिनिटाचा: स्टिरिओचे दोन ट्रॅक करा, एक इन्व्हर्ट करा, परत जोडा.

कॅसेटवर स्टिरिओचे दोन पट्टे शेजारी शेजारी असतात आणि टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. प्लेअरचं हेड किंचित तिरकं असेल तर एक चॅनेल दुसऱ्याच्या मागे पडतो. किती तिरकं? दोन पट्ट्यांमध्ये फक्त तीन मायक्रॉनचा फरक पडला, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा, तरी ४४.१ किलोहर्ट्झवर जवळजवळ तीन नमुन्यांचा उशीर होतो. तीन नमुन्यांचा उशीर असलेले दोन चॅनेल मिळवले तर ७,३५० हर्ट्झचा आवाज पूर्ण पुसला जातो आणि त्याच्या आसपासचा दबतो. 'स'चा उच्चार, टाळांची किणकिण, तंबोऱ्याची जवारी बोथट होते. आणि तार उलटी असेल तेव्हा बरोबर याच्या उलट: खालचा सगळा आवाज जातो, आणि वरच्या पट्टीत मागेपुढेपणामुळे जे जुळत नाही ते वाचतं. म्हणून टाळ.

हे हेडवरच दुरुस्त करणं सगळ्यात चांगलं. हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून, आवाज मोनो करून, चुंबकत्व नसलेल्या पेचकसाने तो पाव वळसासुद्धा नाही, अगदी तसूतसूने फिरवायचा. एका जागी आवाज अचानक उघडतो, खिडकीवरचा पडदा बाजूला झाल्यासारखा. तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली असते, त्यामुळे हे दर कॅसेटला करावं लागतं. मूळ कॅसेट हातात नसेल आणि फक्त फाइलच असेल तर ऑडॅसिटीत नमुने सुटे दिसेपर्यंत झूम करा, टाळीसारखा एखादा तीक्ष्ण आवाज शोधा आणि मागे पडलेला चॅनेल तेवढे नमुने पुढे सरकवा.

उशीर सारखा बदलत असेल, टेप डुलत असेल, तर मी जोडत बसत नाही. दोनातला चांगला चॅनेल ठेवतो, दुसरा फेकतो. दोन्ही नीट जुळवून मिळवले तर आवाजाच्या मानाने टेपची भुसभुस साधारण ३ डेसिबलने कमी होते, तो फायदा सोडावा लागतो. पण बोथट आवाजापेक्षा थोडी भुसभुस परवडली.

हे सगळं एन्कोड करण्याआधी करायचं याला कारण आहे. मागेपुढे झालेल्या मोनोची वजाबाकी शून्य येत नाही. एन्कोडरला वाटतं हा खराच स्टिरिओ आहे आणि तो डेकच्या चुकीवर बिट उधळतो. कंजूष बिटरेटमध्ये ते बिट बुवांच्या तोंडचे काढलेले असतात.

पायरी ३: मोनो असेल तर मोनो म्हणा

इथे लोक सगळ्यात जास्त कचरतात. मोनो म्हणजे काहीतरी कमी दर्जाचं असं वाटतं. हिशेब बघा. १२८ केबीपीएसच्या स्टिरिओ एमपी३त एक फ्रेम साधारण ४१८ बाइटची. त्यातले ४ मथळ्याचे, ३२ व्यवस्थेच्या माहितीचे. उरलेल्या ३८२ बाइटमध्ये साध्या स्टिरिओत तेच भाषण दोनदा लिहायचं, म्हणजे प्रत्येकाला सुमारे १९०. आता ६४ केबीपीएसची मोनो फाइल घ्या. फ्रेम २०९ बाइटची, मथळा ४, व्यवस्था १७, उरले १८८. म्हणजे आवाजाला मिळालेली जागा तीच आणि फाइल निम्मी.

जॉइंट ठेवलं असतं तर एन्कोडरने बरेचसे बिट बेरजेला दिले असते, त्यामुळे नुकसान कमी झालं असतं. तरी उगाच कशाला? भाषण, कीर्तन, आजीने सांगितलेल्या गोष्टी, स्टिरिओच्या आधीची रेकॉर्ड, एका माइकवर घेतलेली मुलाखत: मोनो. ऑडॅसिटीत 'मिक्स स्टिरिओ डाउन टू मोनो' करा आणि निर्यात करताना मोनो निवडा. फाइल मोनो असली तरी दोन्ही कानांत वाजते, एकात नाही. हे मला इतक्यांदा सांगावं लागलंय की इथे लिहूनच ठेवतो.

पायरी ४: दोन्हीकडे वेगळंच काही असेल तर

गाणं शिकणाऱ्यांकडे रियाजाचे ट्रॅक असतात. डाव्या चॅनेलमध्ये तबला, उजव्यात तंबोरा. बॅलन्सने हवं तसं कमी-जास्त करता यावं म्हणून मुद्दाम असे बनवलेले. कराओकेच्या व्हीसीडीवरही एका बाजूला गायकासह आणि दुसऱ्या बाजूला नुसती साथ अशी सोय असायची.

इथे बेरीज-वजाबाकीचा काहीच फायदा नाही, तोटाच आहे. तंबोरा क्षणभर बाजूला ठेवा. डावीकडे तबल्याचा १०००, उजवीकडे ०. बेरीज ५००, वजाबाकी ५००. दोन्ही तितकेच मोठे, बचत शून्य. आता कॉम्प्रेशनने थोडी झीज केली: ५००चे ४९७ झाले आणि दुसऱ्या ५००चे ५०२. परत मांडल्यावर डावा ९९९, ठीक. उजवा मात्र उणे ५. जिथे तबला नव्हताच तिथे प्रत्येक थापेबरोबर एक हलकी खस्स. तंबोरा एकटा ठेवून गाणाऱ्याला ती बरोबर ऐकू येते.

चांगला एन्कोडर असा आवाज ओळखून स्वतःच साध्या स्टिरिओवर जातो, पण तंबोरा आणि तबला एकाच फ्रेममध्ये असताना त्याचा अंदाज चुकू शकतो. अशा फायलींसाठी मी 'स्टिरिओ' हाताने निवडतो आणि बिटरेट १९२च्या खाली आणत नाही. त्याहून चांगलं म्हणजे दोन वेगळ्या मोनो फाइल करणं. ड्युअल चॅनेल हा पर्याय खरं तर दोन भाषांच्या निवेदनासारख्या कामासाठी ठेवलेला. त्यात दोन्ही चॅनेल एकमेकांशी संबंध नसलेले मानले जातात. घरगुती कामात मला त्याची गरज कधी पडली नाही.

पायरी ५: आधी फ्लॅक, मग बाकीचं

दुरुस्त केलेली फाइल पहिल्यांदा फ्लॅक या फाइल-प्रकारात ठेवा. फ्लॅक काहीही गमावत नाही, आणि गंमत म्हणजे तोही आतून बेरीज-वजाबाकी करतो. इथे एक सुंदर बारकावा आहे. डावा ७, उजवा ४. बेरीज ११, निम्मी साडेपाच. पूर्णांकात ५ लिहिलं, अर्धा टाकून दिला. मग काहीच न गमावता परत कसं येणार? वजाबाकी ३ आहे, म्हणजे विषम. दोन पूर्णांकांची वजाबाकी विषम असेल तर बेरीजही विषमच असते. म्हणजे ५ची दुप्पट १० नव्हे, ११ होती. ११ अधिक ३ भागिले २ बरोबर ७, आणि ११ वजा ३ भागिले २ बरोबर ४. टाकून दिलेला अर्धा वजाबाकीच्या शेवटच्या बिटात सुरक्षित होता. शाळेत सम-विषम शिकवताना हे कुणी सांगितलं असतं तर मी वर्गात जागा राहिलो असतो.

फ्लॅकमध्ये तुम्हाला चॅनेलचा काही निर्णय घ्यावा लागत नाही. प्रत्येक फ्रेमला डावा-उजवा, डावा-वजाबाकी, उजवा-वजाबाकी की बेरीज-वजाबाकी हे तो स्वतः पाहतो.

पायरी ६: वाटायची फाइल

खरा स्टिरिओ असलेलं संगीत एमपी३त द्यायचं असेल तर लेम, जॉइंट स्टिरिओ, आणि ठरावीक बिटरेटऐवजी बदलता बिटरेट, गुणवत्ता २. सरासरी १९०च्या आसपास येते. काही प्रोग्रॅममध्ये जॉइंटचा पर्याय दिसतो, काहींमध्ये दिसतच नाही, कारण तो आपोआप लागलेला असतो. लेममध्ये बेरीज-वजाबाकीची सक्ती करणारा पर्यायही आहे, त्याला हात लावू नका. एफएफएमपेग हा कमांड लिहून चालवायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एसी हा पर्याय १ ठेवला की मोनो मिळतो. पण तो डोळे मिटून दोन्हींची सरासरी काढतो, त्यामुळे उलट्या तारेची फाइल दिलीत तर कीर्तन गेलंच समजा.

एएसी या एमपी३नंतरच्या फाइल-प्रकारात बेरीज-वजाबाकीचा निर्णय अख्ख्या फ्रेमचा नसून पट्टीपट्टीचा असतो. ४४.१ किलोहर्ट्झवर लांब फ्रेमचे ४९ तुकडे पडतात आणि प्रत्येकाला वेगळं ठरवता येतं. खालच्या पट्टीत मधोमध पखवाज, वर कडेला झांजा, असं असेल तर हे फार कामाचं. त्यामुळे कमी बिटरेटला एएसी एमपी३च्या पुढे असतो, आणि १२८ला मला त्याची फाइल सहसा पुरते. ओपस हा प्रकार, जो २०१२ साली प्रमाणित झाला, आणखी हुशार. बिट कमी पडले की तो स्वतःच स्टिरिओची रुंदी आवळत नेतो. संगीताला मी ९६ ते १२८ देतो, मोनो बोलण्याला २४ ते ३२.

एका पर्यायापासून मात्र सावध राहा. एचई-एएसी या एएसीच्या काटकसरी भावंडाच्या दुसऱ्या आवृत्तीत पॅरामेट्रिक स्टिरिओ असतो. आवाज पूर्ण मोनो करून सोबत कुठून काय येतंय याचं वर्णन ठेवायचं, जेमतेम दोन-तीन केबीपीएसचं. वाजवणारा त्या वर्णनावरून स्टिरिओ पुन्हा उभा करतो. २४-३२ केबीपीएसच्या इंटरनेट रेडिओला हे वरदान आहे आणि डीआरएम या डिजिटल रेडिओच्या प्रमाणातही त्याची सोय आहे. पण ते चित्र आहे, छायाचित्र नाही. टाळ्यांचा कडकडाट, पाऊस, मैफलीतली दाद एकत्र गोळा होते. आणि जुन्या प्लेअरला ते वर्णन वाचता येत नसेल तर तो सरळ मोनो वाजवतो. कॅसेटच्या संग्रहासाठी हे वापरू नका.

पायरी ७: बनलेली फाइल तपासा

मीडियाइन्फो हा छोटा प्रोग्रॅम फाइल जॉइंट आहे की साधी ते सांगतो. पण खरी परीक्षा कानाची. बनलेली एमपी३ परत ऑडॅसिटीत उघडा आणि पहिल्या पायरीतली वजाबाकी पुन्हा ऐका. मूळ फाइलची वजाबाकी आणि हिची, शेजारी शेजारी. कमी बिटरेटला वजाबाकी पाण्याखाली गेल्यासारखी बुडबुडते, कारण एन्कोडरने तिथेच काटकसर केलेली असते. थोडी बुडबुड चालते, बेरजेखाली ती झाकली जाते. गाण्यासकट ऐकतानाही घुमारा थरथरत असेल तर बिटरेट एक पायरी वाढवा. एमपी३वरून कराओके करायला गेलेल्यांना गायिकेच्या जागी गुळगुळ का ऐकू येते, तेही इथेच कळेल. गाणं गेलं आणि झाकण उडालं.

मग फाइल फोनवर टाकून स्पीकरवर ऐका, फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करूनही ऐका. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत अ‍ॅक्सेसिबिलिटीखाली ती सोय असते. एका कानाने कमी ऐकू येणारी माणसं तीच वापरतात, म्हणजे तुमची फाइल मोनोत नीट वाजणं ही कुणाची तरी रोजची गरज आहे. ब्लूटूथचा नेहमीचा एसबीसी कोडेकसुद्धा वाटेत पुन्हा एकदा जॉइंट स्टिरिओ करतो, त्यामुळे हेडफोन तपासणीला तारेचे घ्या.

आतेभावाने कॅसेट परत मागून आणली. डेकचा स्क्रू जुळवला, दोन्ही चॅनेल मिळवले, ६४ केबीपीएसची मोनो फाइल केली. ग्रुपवर टाकल्यावर आत्याचा फोन आला. बुवांच्या मागे कुणीतरी मुलाला "गप बस" म्हणतंय, तो आवाज तिने ओळखला होता. आजोबांचा.